हेडलाइटचा फोकस घरच्या घरी: स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

समोरून येणारे लोक सारखे डिपर मारताहेत आणि तुम्ही तर लो बीमवरच आहात. किंवा उलटं: बंपरपुढचा रस्ता लख्ख दिसतो आणि त्यापलीकडे एकदम काळोख. अशा वेळी पहिला संशय बल्बवर जातो आणि जास्त उजेडाचा बल्ब आणला जातो. रोख चुकलेला असेल तर त्याने दुखणं वाढतंच; चुकीच्या जागी आणखी उजेड पडतो, एवढंच.

फोकस सेट करणं घरी होण्यासारखं काम आहे. भिंत, मेजर टेप, रंगीत चिकटपट्टी, पुठ्ठा आणि स्क्रू ड्रायव्हर, एवढ्यात भागतं. फक्त नवखा माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. बॉनेट उघडतो, स्क्रू शोधतो, फिरवतो आणि भिंतीवर बरं दिसायला लागलं की थांबतो. ‘बरं दिसणं’ हे यात मापच नाही. स्क्रू फिरवायचं काम पाच-दहा मिनिटांचं असतं. त्याआधी गाडी कशी उभी आहे आणि भिंतीवरची खूण कुठे मारली आहे, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग स्क्रूच्या आधीच्या कामाचा आहे.

भिंतीवर नेमकं काय बघायचं

लो बीम लावून गाडी भिंतीसमोर उभी केली की उजेडाच्या वरच्या कडेला एक रेघ दिसते. खाली उजेड, वर अंधार. हिला कट-ऑफ म्हणतात. जिथे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात तिथल्या गाड्यांत ही रेघ उजवीकडे आडवी असते आणि मधल्या एका जागेपासून डावीकडे वर चढते. काही दिव्यांत ती साधारण १५ अंशांनी तिरकी जाते, काहींत पायरीसारखी उचललेली असते. वाहनं उजवीकडून चालतात तिथे हेच चित्र उलटं. समोरच्याच्या डोळ्यांकडची बाजू दाबलेली आणि आपल्या कडेची, म्हणजे पादचारी आणि पाट्या असतात ती बाजू थोडी उचललेली, असा तो विचार आहे. आडवी रेघ संपून चढ सुरू होतो त्या जागेला आपण या लेखापुरतं ‘कोपरा’ म्हणू. आपल्याला दोनच गोष्टी जमवायच्या आहेत: आडव्या रेघेची उंची आणि कोपऱ्याची जागा.

आडवी रेघ दिव्याच्या उंचीवर नको, पुढे जाता जाता ती किंचित उतरत गेली पाहिजे. हा उतार टक्क्यांत सांगतात. १ टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली. तुमच्या गाडीचा आकडा बहुतेक वेळा गाडीवरच लिहिलेला असतो: हेडलाइटच्या पाठीमागच्या प्लॅस्टिकवर, किंवा बॉनेट उघडल्यावर समोरच्या आडव्या पट्टीवरच्या स्टिकरवर, दिव्याच्या छोट्या चित्राशेजारी १.०%, १.२%, १.३% असं काहीतरी. अनेक देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक ४८ नुसार कंपनीला हा आकडा गाडीवर द्यावाच लागतो. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटरपेक्षा खाली असेल, तर तो १ ते १.५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. १ मीटरपेक्षा उंच दिवे असलेल्या गाड्यांना १.५ ते २ टक्के. तुमच्या गाडीवरचा आकडा सापडला तर तोच अंतिम.

हिशेब तोंडी करता येतो. भिंतीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला टक्क्यांनी गुणा, उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. १० मीटर आणि १.२ टक्के म्हणजे १२ सेंटिमीटर. ७.५ मीटर आणि १.२ टक्के म्हणजे ९. ५ मीटर आणि १ टक्का म्हणजे ५.

हे आकडे क्षुल्लक वाटतात, म्हणून ते रस्त्यावर काय करतात ते एकदा बघा. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच धरू. १ टक्का उतार असेल तर रेघ ६५ मीटर पुढे जमिनीला टेकते. तोच उतार चुकून २ टक्के झाला, तर ३२ मीटरवरच टेकते. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे लख्ख उजेडाच्या टोकापर्यंत पोहोचायला दीड सेकंद. दुसरीकडे उतार शून्याच्याही वर जाऊन रेघ १ टक्का चढती झाली, तर ५० मीटरवर ती जमिनीपासून ११५ सेंटिमीटरवर असते. साध्या कारमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे साधारण त्याच उंचीवर येतात. ७.५ मीटरवरच्या भिंतीवर या दोन टोकांत फरक किती? साडेबावीस सेंटिमीटर, जेमतेम एक वीत. डोळ्यांच्या अंदाजावर का जायचं नाही ते यावरून कळेल.

आधी दिवाच ठीक आहे ना

काही बिघाड असे असतात की ते असताना फोकस सेट करणं म्हणजे वेळ वाया घालवणं. त्यामुळे दिव्याकडे नीट बघून घ्या.

काच पिवळी, धुरकट झाली आहे का? आजकालची ‘काच’ पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ती धूसर होते. धूसर काचेतून उजेड चहूकडे पसरतो, रेघ विरघळते. आधी पॉलिश करून घ्या. आतून पाणी किंवा वाफ धरलेली असेल तर तीही आधी निस्तरा.

हेडलाइट हाताने धरून हलवून बघा. किरकोळ ठोकर लागलेल्या गाडीत बाहेरून काही दिसत नाही. पण दिव्याला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा कान तुटलेला असतो आणि अख्खा दिवा गदगदतो. असा दिवा आज सेट केला तरी पहिल्या खड्ड्यात रोख बदलणार.

आणि मग बल्ब. यावर जरा थांबतो, कारण नुकताच बल्ब बदलल्यावर ‘फोकस बिघडला’ असं वाटत असेल, तर बऱ्याच वेळा स्क्रूचा काही संबंधच नसतो. एच४ प्रकारचा बल्ब हातात घेऊन बघा. त्यात दोन फिलामेंट असतात. लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे परावर्तकाचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि उजेड रस्त्याकडे खाली वळतो. वाटीची एक कड तिरकी कापलेली असते, आणि भिंतीवर दिसणारा तो कोपरा आणि चढती रेघ याच कापातून येते. आता बल्बच्या बुडाची तीन पाती खाचांत नीट बसली नसतील, किंवा तारेची क्लिप अर्धवट अडकली असेल, तर वाटी वाकडी होते आणि भिंतीवरची अख्खी आकृती वाकडी होते. स्क्रूने ती सरळ होत नाही. बल्ब काढा, पाती जुळवा, क्लिप ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे राहिलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब बसवलेला असेल, तर उजेड निघायची जागा बऱ्याचदा मूळ फिलामेंटच्या नेमक्या जागी नसते, आणि मग रेघ एक तर पुसट येते किंवा वरच्या अंधारात उजेडाचे पट्टे दिसतात. ते पट्टे जाईपर्यंत दिवा खाली करत राहिलात, तर रस्ताच दिसेनासा होईल. माझं मत विचाराल तर आधी मूळ प्रकारचा बल्ब परत बसवा, मग भिंतीकडे जा.

गाडीची बैठक

हेडलाइट गाडीला घट्ट बसवलेला असतो, त्यामुळे गाडीचं नाक उचललं की दिव्याचं नाक उचलतं. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २.५ मीटर धरा. मागची बाजू फक्त १ सेंटिमीटर खाली बसली तरी गाडी ०.४ टक्के कलते, आणि १० मीटरवर रेघ ४ सेंटिमीटर वर जाते. मागे दोन-तीन माणसं आणि डिकीत सामान भरून मागची बाजू ३ सेंटिमीटर बसली तर १.२ टक्के, म्हणजे कंपनीने दिलेला सगळा उतारच गायब. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचा जो नॉब असतो, तो अशा वेळी दिवे खाली घेण्यासाठीच असतो, आणि बहुतेकांनी त्याला कधी हात लावलेला नसतो.

तेव्हा क्रमाने:

चारही चाकांत हवा भरा, दाराच्या खांबावरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे, टायर गार असताना. डिकी रिकामी करा, पण स्टेपनी आणि जॅक जागच्या जागी राहू द्या. टाकीत बऱ्यापैकी इंधन हवं. कंपनीने मॅन्युअलमध्ये वेगळं काही सांगितलं असेल, तर तसं करा.

ड्रायव्हरच्या सीटवर साधारण ७५ किलो वजन हवं. कुणीतरी बसवा. एकटे असाल तर पाण्याचे कॅन ठेवा. लिटरला किलो, हिशेब सोपा. सीट ओली होऊ नये म्हणून खाली प्लॅस्टिक घाला.

नॉब ० वर आणा. ड्रायव्हर एकटा असताना नॉब ० वर, हीच मूळ स्थिती मानून दिवा सेट करायचा असतो. काही गाड्यांत मूळ स्थिती वेगळी दिलेली असते, म्हणून मॅन्युअलवर एकदा नजर टाका.

गाडी जागेवर आणल्यावर पुढून आणि मागून तीन-चार वेळा दाबून सोडा, म्हणजे स्प्रिंग आपल्या नेहमीच्या जागी बसतील. गाडी वळवून आणल्यावर लगेच मोजायला बसलं तर एखादी बाजू अडकलेली राहते.

जमीन आणि भिंत

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या दिसत नाहीत.

अंतर १० मीटर मिळालं तर उत्तम, ७.५ चांगलं, अगदीच जागा नसेल तर ५. अमेरिकेत २५ फूट, म्हणजे सुमारे ७.६ मीटर घ्यायची पद्धत आहे. अंतर जितकं कमी तितकी खुणेतली चूक महाग पडते: १० मीटरवर १ सेंटिमीटर चुकलं तर ०.१ टक्का, ५ मीटरवर तेवढंच चुकलं तर दुप्पट.

पार्किंगची जमीन सपाट वाटते, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला ढाळ दिलेला असतो, आणि भिंतीच्या पायथ्याशी तर हमखास. त्यामुळे जमिनीपासून दिव्याची उंची मोजली आणि भिंतीच्या पायथ्यापासून तेवढीच उंची मोजून खूण केली, की खूण चुकली. यावर गवंड्यांची लेव्हल नळी हा उत्तम उपाय आहे: पारदर्शक पाइप, दोन्ही टोकं उघडी, आत पाणी, मध्ये एकही बुडबुडा नाही. दोन्ही टोकांत पाण्याची पातळी एकच असते, मधली जमीन कशीही असो. लांबी भिंतीपर्यंतच्या अंतरापेक्षा दोन-तीन मीटर जास्त घ्या.

पहिल्यांदा नळी पुढच्या आणि मागच्या चाकाशेजारी धरा आणि दोन्हीकडे पाण्यापासून जमिनीपर्यंत मोजा. फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असेल तर गाडी समतल जागेवर उभी आहे असं धरून चाला. डावी-उजवी चाकंही अशीच तपासा. बाजूला कललेल्या गाडीची रेघही कललेलीच दिसते. आता नळीचं एक टोक दिव्याच्या मध्याशी आणि दुसरं भिंतीशी. भिंतीवर पाणी जिथे थांबेल ती दिव्याची उंची.

समतल जागा मिळालीच नाही, तरी काम अडत नाही. समजा पुढची चाकं मागच्यांपेक्षा ३ सेंटिमीटर खाली आहेत आणि चाकांतलं अंतर २.५ मीटर आहे. गाडी १.२ टक्के पुढे कललेली आहे. भिंत १० मीटरवर असेल तर नळीने मिळालेली खूण १२ सेंटिमीटर खाली सरकवा. नाक वर असेल तर तितकीच वर. गाडीच्या दृष्टीने ‘सरळ पुढे’ कुठे आहे, तेवढंच आपल्याला हवं आहे.

भिंत गाडीला काटकोनात हवी. दोन्ही हेडलाइटपासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. सारखं आलं की झालं.

खुणा करणं

गाडी आधी भिंतीच्या अगदी जवळ न्या, एक फुटावर. हेडलाइटच्या काचेवर मध्यभागी बऱ्याचदा बारीक ठिपका किंवा अधिकचं चिन्ह उठवलेलं असतं. तो लो बीमचा मध्य. नसेल तर बल्ब जिथे दिसतो तो मध्य धरा. प्रोजेक्टर, म्हणजे पुढे गोल भिंग असलेला दिवा असेल, तर त्या भिंगाचा मध्य. एकाच हेडलाइटमध्ये इंडिकेटर, डीआरएल (दिवसा लागणारा दिवा), हाय बीम असे तीन-चार दिवे असतात, त्यामुळे लो बीम लावून खात्री करा की तुम्ही त्याचाच मध्य धरला आहे.

दोन्ही मध्यांसमोर भिंतीवर एक-एक उभी पट्टी लावा. गाडीच्या पुढच्या काचेचा मध्य मोजून तिथे चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा, मागच्या काचेलाही तसाच. आणि दोन उभ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये भिंतीवर तिसरी उभी पट्टी लावा.

आता स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी सावकाश मागे घ्या. अंतर भिंतीपासून हेडलाइटच्या काचेपर्यंत मोजायचं, बंपरपर्यंत नव्हे. मागे जाऊन मागच्या काचेतून बघा: मागचा तुकडा, पुढचा तुकडा आणि भिंतीवरची मधली पट्टी एका रेघेत आली पाहिजे. नसेल तर गाडी पुन्हा पुढे-मागे करून जुळवा. इथे कंटाळा केला तर डावी-उजवीकडचं सगळं सेटिंग चुकेल.

गाडी दाबून सोडा, नळीने उंचीची खूण करा, आडवी पट्टी लावा. तिच्याखाली, आपण काढलेल्या सेंटिमीटरवर, दुसरी आडवी पट्टी. उदाहरणार्थ दिव्याचा मध्य ६६ सेंटिमीटरवर, अंतर ७.५ मीटर, उतार १.२ टक्के: खालची पट्टी ५७ वर. लो बीमची आडवी रेघ या खालच्या पट्टीवर आणायची आणि कोपरा उभ्या पट्टीवर.

दोन्ही दिव्यांचे झोत पुढे जाऊन एकत्र मिळायला हवेत, असा एक समज आहे. तसं नाही. झोत समांतर जातात. दिव्यांमध्ये १२० सेंटिमीटर अंतर असेल तर भिंतीवरच्या दोन कोपऱ्यांतही १२०च हवं.

आता स्क्रू

वेळ संध्याकाळची, दिवेलागणीची निवडा. पट्ट्या दिसतात आणि रेघही दिसते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर जीवघेणा असतो. इंजिन बंद ठेवून काम करणार असाल तर खुणा करताना दिवे बंद ठेवा. दोन ५५ वॉटचे बल्ब मिळून बॅटरीतून नऊएक अँपिअर खेचतात.

आधी नुसतं बघा. एका दिव्यासमोर पुठ्ठा उभा करा, थोडं अंतर ठेवून. काचेला चिकटवून कापड टाकलं तर उष्णतेने प्लॅस्टिक खराब होऊ शकतं. दुसऱ्या दिव्याची रेघ कुठे आहे ते लिहून ठेवा. मग पुठ्ठा बदला. आणखी एक गोष्ट आताच करा: कुणालातरी नॉब ० वरून ३ वर न्यायला सांगा. दोन्ही रेघा सारख्याच खाली उतरल्या पाहिजेत. एक उतरली आणि दुसरी जागची हलली नाही, तर त्या दिव्यामागची छोटी मोटर गेली आहे, आणि तुमचं अर्धं दुखणं तिथेच सापडलं. नॉब परत ० वर.

प्रत्येक हेडलाइटला सहसा दोन ॲडजस्टर, म्हणजे रोख बदलायचे स्क्रू असतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवीकडे. ते दिव्याच्या पाठीमागे असतात. कधी षटकोनी डोक्याचा स्क्रू, कधी ॲलन कीची खाच. बऱ्याच गाड्यांत बॉनेटच्या पट्टीतून एक भोक सरळ खाली जातं. त्यातून फुलीच्या तोंडाचा लांब स्क्रू ड्रायव्हर घातला की त्याचं टोक प्लॅस्टिकच्या दातेरी चाकात अडकतं आणि फिरवताना हाताला दात जाणवतात. इथे टोक नीट बसलं नाही तर दात झिजतात, आणि मग चाक फिरायचंच बंद होतं. मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि दाब देऊन फिरवा. काही दिव्यांना डावी-उजवीकडचा ॲडजस्टर दिलेलाच नसतो. तो शोधण्यात वेळ घालवू नका.

फिरवण्याआधी स्क्रूच्या डोक्यावर पेनाने खूण करा. कोणत्या दिशेने फिरवल्यावर दिवा वर जातो याचा सर्व गाड्यांना लागू होणारा नियम नाही. डाव्या आणि उजव्या दिव्यातही दिशा उलट असू शकते. पाव फेरा फिरवा, भिंतीकडे बघा, मग पुढचा पाव. कागदावर लिहीत जा: डावा दिवा, वरचा स्क्रू, सव्वा फेरा. घोळ झालाच तर मूळ जागी परत येता येतं.

आधी उंची जमवा, मग कोपरा उभ्या पट्टीवर आणा, मग उंची पुन्हा तपासा. बहुतेक दिवे एका टोकाच्या बिजागरीभोवती हलतात, त्यामुळे एक स्क्रू फिरवला की दुसरीकडचंही थोडं बिघडतं. दोन-तीन फेऱ्यांत जमतं.

परावर्तकाच्या दिव्यात रेघ प्रोजेक्टरसारखी धारदार नसते, ती उजेडाकडून अंधाराकडे विरत जाते. उजेड जिथे सगळ्यात झपाट्याने कमी होतो ती रेघ समजा. डोळे बारीक करून बघितलं तर ती जास्त स्पष्ट दिसते. कोपऱ्याबाबत शंका राहिली, तर तो किंचित आपल्या कडेच्या बाजूला असू द्या, समोरून येणाऱ्यांकडे नको.

स्क्रू एकदम जड झाला तर थांबा, तो टोकाला आला आहे. स्क्रू फिरतोय आणि रेघ हलत नाही, किंवा रेघ अचानक खाली पडून थरथरते, तर स्क्रूच्या टोकाचा, दिव्याला धरून ठेवणारा गोळा आपल्या खोबणीतून निसटला आहे. तो परत बसवायला सहसा दिवा काढावा लागतो. जोर लावून काही होणार नाही.

दोन्ही दिवे झाले की गाडी पुन्हा दाबून सोडा आणि पुन्हा बघा. रेघ सरकली असेल तर दिवा किंवा स्प्रिंग कुठेतरी अडकत होती.

हाय बीम आणि फॉग लॅम्प

एच४ असेल तर हाय बीम आपोआप जागेवर येतो, कारण परावर्तक एकच. वेगळा हाय बीम असला तरी तो बऱ्याचदा त्याच चौकटीत बसवलेला असतो. लावून बघा: सगळ्यात प्रखर ठिपका वरच्या आडव्या पट्टीच्या आसपास, उभ्या पट्टीजवळ यायला हवा. हाय बीमला स्वतःचा ॲडजस्टर असेल तरच तिथे हात घाला. हाय बीम छान दिसावा म्हणून लो बीम उचलायचा नाही.

फॉग लॅम्प हेडलाइटपेक्षाही खाली रोखलेले हवेत. त्यांना एकच वर-खालीचा स्क्रू असतो. मॅन्युअलमध्ये त्यांचा वेगळा आकडा असेल तर तो घ्या. नसेल तर फॉग लॅम्पच्या स्वतःच्या उंचीपासून २ टक्के खाली ठेवलेत की कुणाच्या डोळ्यांत जाणार नाहीत.

कुठल्या गाडीला हे करू नये

गाडी चालू केल्यावर दिवे खाली जाऊन वर येतात का बघा. येत असतील तर त्यांना स्वयंचलित लेव्हलिंग आहे. मागच्या, काही गाड्यांत पुढच्याही सस्पेन्शनला जोडलेला सेन्सर गाडीचा कल मोजतो आणि दिवे सारखे करतो. कंपनीने बसवलेल्या बहुतेक झेनॉन दिव्यांना हे असतं, एलईडीच्या बऱ्याच गाड्यांनाही. इथे सेन्सरची छोटी दांडी वाकली किंवा निसटली तरी फोकस बिघडतो, आणि स्क्रूने तो ‘दुरुस्त’ केला तर पुढे सेन्सर बदलल्यावर पुन्हा बिघडतो. आधी गाडीखाली वाकून ती दांडी बघा. पुढचं काम स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र लावून दिव्यांना शून्य स्थिती शिकवण्याचं असतं. समोरची गाडी पाहून उजेडाचे तुकडे विझवणारे मॅट्रिक्स दिवे तर कॅमेऱ्याशी जुळवावे लागतात. त्यांचे स्क्रू तसेच राहू द्या.

रस्त्यावरची तपासणी

रात्री सपाट रस्त्यावर, पुढे एखादी कार साधारण १० मीटरवर उभी असेल तेव्हा तुमची रेघ तिच्या मागच्या बंपरच्या आसपास दिसली पाहिजे. मागच्या काचेवर नको. चालत्या गाडीत रेघ उड्या मारते, तिच्यावरून काही ठरवू नका. सपाट रस्त्यावर समोरून तरीही डिपर येत असतील तर आधी नॉब आणि मागच्या टायरची हवा बघा, स्क्रू नंतर. चढावर येणारा डिपर मनावर घेऊ नका, तिथे कुणाचाही दिवा वरच जातो.

बल्ब बदलला, हेडलाइट काढून बसवला, पुढची किंवा मागची स्प्रिंग बदलली, वेगळ्या मापाचे टायर घातले किंवा पुढून धक्का बसला की भिंतीसमोर परत यावं लागतं. त्यासाठी जाण्याआधी भिंतीवर दोन कोपऱ्यांच्या जागी रंगाचे बारीक ठिपके द्या आणि पुढच्या चाकांच्या जागी जमिनीवर रेघा मारून ठेवा. हवा, सीटवरचं वजन आणि नॉब एवढं सारखं ठेवलं की पुढच्या वेळी गाडी रेघांवर आणून दिवे लावायचे आणि ठिपक्यांकडे बघायचं. स्प्रिंग किंवा टायरचं माप बदललं असेल तर मात्र दिव्याची उंचीही बदलते, तेव्हा खुणा नव्याने करा.